सोडून दिलेला मासा

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत मासा हाही एक गुरू आहे. आमिषाच्या लोभाने गळ गिळून प्राणास मुकणारा मासा पाहून अवधूत रसनेचा संयम शिकला. एकनाथांनी या स्कंधावरील आपल्या टीकेचे पहिले पाच अध्याय पैठणास रचले आणि उरलेले वाराणसीत. शके १४९५ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७३ मध्ये, तो ग्रंथ तेथेच पूर्णत्वास गेला. मत्स्यगुरूचे प्रकरण आठव्या अध्यायातले. तेव्हा गळाला लागलेल्या माशावरचे हे मराठी निरूपण गंगेच्या सान्निध्यातच आकाराला आले, असे म्हणावयास हरकत नाही.

या उपदेशात एक जागा मात्र रिकामी राहते. दोरीच्या एका टोकाला मासा असतो, तसा दुसऱ्या टोकाला माणूस असतो. अवधूताची दृष्टी माशावर खिळलेली आहे, कारण त्याला जीवाच्या बद्धतेचा दृष्टांत हवा आहे. गळ टाकणारा त्या दृष्टांतात केवळ मृत्यूच्या जागी उभा आहे. तो भुकेपोटी आला आहे की मन रमवण्यासाठी, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. परंतु मासा धरून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या माणसांचा एक वर्ग गेल्या शतकात जगभर वाढला, आणि त्याने नीतिविचारापुढे एक चमत्कारिक पेच उभा केला. हा माणूस मासा खात नाही, विकत नाही, त्याला मारण्याचीही त्याची इच्छा नसते. त्याला हवी असते ती माशाची झुंज. अशा आनंदाला निर्दोष म्हणता येईल काय?

वाराणसीच्या घाटांवर या प्रश्नाच्या दोन साध्या बाजू पाहावयास मिळतात. महाराष्ट्रातून काशीयात्रेला आलेला भाविक पुण्यभावनेने कणकेच्या गोळ्या माशांना घालतो. तीच कणीक गळाला लावली की तिचे आमिष होते. पीठ तेच, पाणी तेच, माशाची ओढही तीच. अंतर पडते ते पिठात दडवलेल्या लोखंडामुळे आणि ते दडवणाऱ्याच्या हेतूमुळे. दुसरी बाजू निषाद-मल्लाहांची. नाव वल्हवणे आणि जाळे टाकणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. जाळ्यात आलेला रोहू किंवा टेंगरा मरणार, हे तो कोणापासून लपवीत नाही. त्या मरणावर त्याची चूल पेटते. रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सुमारे सात किलोमीटरचा प्रवाह १९८९ मध्ये कासवांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि त्या टप्प्यात मासेमारीला मनाई झाली. अर्धवट जळालेली प्रेते खाऊन कासवांनी नदी शुद्ध करावी, अशी त्यामागील कल्पना होती. २०२० मध्ये ते अभयारण्य रद्द करण्यात आले. नदी सर्वांनी मलिन केली असताना संयमाचा भार मात्र प्रथम जाळे टाकणाऱ्यावर पडला, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

याच गंगेच्या उगमाकडे गेले असता प्रश्नाची तिसरी बाजू समोर येते. वरुणा आणि असी यांच्यामधले क्षेत्र म्हणून वाराणसीची ख्याती आहे. हिमालयातील उत्तरकाशीही याच नावांच्या दोन प्रवाहांमधली काशी म्हणून ओळखली जाते. तेथील असीगंगा डोडीतालाच्या बाजूने उतरून भागीरथीला मिळते. तिच्या थंड, खळाळत्या पाण्यात ब्राऊन ट्राउट राहतो. हा मासा मूळचा तेथला नव्हे. स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांपासून १९०० मध्ये काश्मीरच्या पाण्यात त्याची वस्ती झाली, आणि पुढे हिमालयातील इतर खोऱ्यांतही तो सोडण्यात आला. आता तो तेथे आपली वीण आपण वाढवतो, म्हणून त्याला रानचा मासा म्हणावयाचे. परंतु हे रानटीपण माणसाने पेरलेले आहे, आणि त्यासाठी त्या प्रवाहांतील मूळच्या असला माशाला आपल्या अन्नात व जागेत वाटेकरी स्वीकारावा लागला. साहेबाला मायदेशातला खेळ येथे खेळता यावा, हाच त्यामागचा मुख्य हेतू होता. खेळासाठी धरला जाण्यापूर्वी हा मासा खेळासाठीच सोडला गेला होता.

ट्राउट धरण्याच्या ज्या रीतीला रसिक सर्वश्रेष्ठ मानतात, ती फ्लाय फिशिंग. कोकणात खाडीकाठी गरवायला बसणाऱ्याला ती प्रथमदर्शनी उमगणार नाही, कारण तिच्यात कोळंबी नाही, गांडूळ नाही, कणीकही नाही. बारीक गळावर पिसे, केस आणि रेशमी धागा गुंडाळून पाण्यावरच्या माशीचे रूप साधावयाचे असते. ही माशी इतकी हलकी की ती नुसती फेकता येत नाही. वजन असते ते दोरीला. लांब, लवचीक काठीने ती दोरी हवेत मागेपुढे झुलवावी लागते आणि तिच्या वेगाबरोबर माशी अलगद पाण्यावर उतरते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहतो आणि वाहत येणारे कीटक टिपतो. त्या दिवशी कोणता कीटक पाण्यातून वर येत आहे, मासा तो पृष्ठभागावर घेतो आहे की खाली, दोरीच्या ओढीने माशीची चाल कृत्रिम तर होत नाही ना, हे सारे ओळखल्यावाचून यश नाही. थंड पाण्यात तासन् तास उभा राहणारा हा माणूस दगडाखालच्या अळ्या ओळखू लागतो, प्रवाहाचे थर वाचू लागतो, बोलणे विसरतो. असे अवधान एरवी साधकाच्या ठायी अपेक्षिले जाते. त्याच्या आनंदाला उथळ म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र हेही खरे की फसवणूक येथे पूर्णत्वाला पोचली आहे. गळावर आमिषसुद्धा उरलेले नाही. उरला आहे तो आमिषाचा आभास.

करमणुकीसाठी मासे धरणे ही केवळ पाश्चात्यांची कल्पना नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान आहे. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळाची साधने यांचे वर्णन त्यात येते. त्यातील मराठी पद्यपंक्तींमुळे हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहेच. इंग्लंडमध्ये आयझाक वॉल्टनने १६५३ मध्ये ‘द कम्प्लीट अँगलर’ लिहून गळाला शांत, चिंतनशील जीवनाचे प्रतीक बनवले. सुमारे १७० वर्षांनी बायरनने ‘डॉन जुआन’मध्ये त्याच वॉल्टनला क्रूर ठरवले. एकाच कृतीत एकाला ध्यान दिसले आणि दुसऱ्याला छळ. दोघांचीही दृष्टी चुकली नव्हती. ते दोरीच्या दोन भिन्न टोकांकडे पाहत होते.

विज्ञानाने या वादात अलीकडे आपले म्हणणे मांडले आहे. २००३ मध्ये लिन स्नेडन व त्यांचे सहकारी यांनी रेनबो ट्राउटच्या डोक्याच्या भागात इजेची जाणीव करून देणारे मज्जाग्राहक असल्याचे दाखवले. ओठांत मधमाशीचे विष किंवा सौम्य आम्ल टोचलेले मासे बराच वेळ अन्नाकडे फिरकले नाहीत, आणि आम्ल टोचलेल्यांपैकी काहींनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले. याउलट जेम्स रोझ यांच्यासारख्या अभ्यासकांचे म्हणणे असे की, माशाच्या मेंदूची रचना मानवी मेंदूहून इतकी भिन्न आहे की त्याला मानवासारखी जाणीवपूर्वक वेदना होते असे मानण्यास आधार नाही. हा वाद मिटलेला नाही. परंतु नीतीला अशा निकालाची वाट पाहत थांबता येत नाही. संशयाचा फायदा कोणाला द्यावयाचा, हे तिला आजच ठरवावे लागते; आणि ज्याला सोसावे लागण्याचा संभव आहे त्यालाच तो दिला पाहिजे, हे उघड आहे. कारण दुसऱ्या पारड्यात भूक नाही, केवळ विरंगुळा आहे.

स्वित्झर्लंडच्या २००८ च्या पशुसंरक्षण नियमांनी, सोडून देण्याच्या हेतूनेच मासा धरण्यास मनाई केली. मारणाऱ्याला मुभा आणि सोडणाऱ्याला मनाई, हा न्याय पहिल्या ऐकण्यात उफराटा वाटतो. सोडलेला मासा बहुधा जगतो, खाल्लेला जगत नाही. माशाला मत देता आले असते तर त्याने सोडणाराच निवडला असता. तरीही त्या नियमामागे एक खोल तर्क आहे. इजा करण्याला जे एकमेव समर्थन असू शकते, ते म्हणजे गरज. आणि मासा सोडणारा माणूस त्या समर्थनावर आपण होऊन पाणी सोडतो. भुकेला मर्यादा असते. मल्लाहाचे घर भरले, बाजार भागला की जाळे आवरते. खेळाला अशी मर्यादा नाही. पाचवा मासा सोडला की सहाव्यासाठी दोरी पुन्हा झुलू लागते, आणि हात रक्ताने माखलेले नसल्यामुळे मनही थांबण्याची सूचना देत नाही. आहार सोडल्याने इतर इंद्रिये आवरतात, रसना मात्र अधिकच बळावते, असे भागवताने मत्स्यगुरूच्याच प्रकरणात सांगितले आहे. मासा न खाणाऱ्या गळवाल्याची स्थिती नेमकी अशी आहे. जिभेची चव त्याने जिंकली. झुंजीची चव मात्र उपवासाने वाढावी तशी वाढत गेली.

या आरोपाला उत्तर नाही असे नाही. विवेकी गळवाला उलटा काटा नसलेला गळ वापरतो. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघू नये म्हणून हात ओले केल्याखेरीज तो माशाला स्पर्श करीत नाही, शक्यतो त्याला पाण्याबाहेरही काढीत नाही. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो आणि दमलेला मासा सोडल्यानंतरही मरू शकतो, हे ठाऊक असल्याने अशा दिवसांत तो काठी उचलीत नाही. नदी बिघडली तर तिचा बिघाड प्रथम ज्यांच्या ध्यानात येतो, त्यांत तो असतो. या साऱ्यामुळे त्याचे कृत्य निर्दोष होत नाही. परंतु दोष कबूल करून जगण्याची एक रीत त्यातून सुचते.

त्या रीतीचा अर्थ भागवतातल्याच दुसऱ्या एका माशापाशी सापडतो. कृतमाला नदीत तर्पण करणाऱ्या सत्यव्रत राजाच्या ओंजळीत एक लहान मासा आला. राजाने तो पाण्यात सोडला. सोडणे म्हणजेच दया, अशीच त्याची समजूत असावी. मासा म्हणाला, या पाण्यात मोठे मासे लहानांना खातात, तेथे मला का टाकतोस? तेव्हा राजाने त्याला कलशात घेतले, कलश अपुरा पडला तेव्हा मोठ्या पात्रात, मग सरोवरात आणि अखेर समुद्रात नेले. मत्स्यावताराच्या या कथेतील नैतिक आशय असा की, हातात आलेल्या जीवाची जबाबदारी हात उघडल्याने संपत नाही. तो ज्या पाण्यात जातो त्या पाण्याचे काय, हा प्रश्न तेथून सुरू होतो.

आणि पाण्याचा प्रश्न निघाला की खेळणारा गळवाला एकटाच आरोपी राहत नाही. उत्तरकाशीच्या असीत अजून ट्राउट आहे. वाराणसीची असी आज सांडपाण्याचा नाला म्हणून ओळखली जाते. १९७५ मध्ये फराक्का धरण कार्यान्वित झाल्यावर, समुद्रातून गंगेत शेकडो मैल वर चढणारा हिल्सा मधल्या प्रवाहातून जवळजवळ नाहीसा झाला. २००६ मध्ये पूर्ण झालेल्या टिहरी धरणाने भागीरथी अडली. या घटनांत कोणी एकाही माशाला गळ लावला नाही. आयुष्यात मासा न खाल्लेल्या, कणकेच्या गोळ्या श्रद्धेने वाहणाऱ्या असंख्य हातांनी नदीची जी हानी होऊ दिली, तिच्यापुढे एका गळाची जखम क्षुद्र ठरते. अर्थात मोठ्या पापाने लहान पाप धुतले जात नाही. एवढेच म्हणावयाचे की, अहिंसा ही केवळ हाताची शुचिता नव्हे. ज्या प्रवाहावर इतर जीव अवलंबून आहेत, त्या प्रवाहाशी असलेले ते नाते आहे.

मग खेळासाठी मासा धरणाऱ्याचे काय? त्याचा आनंद खरा आहे, आणि तो दुसऱ्या जीवाच्या भयावर उभा आहे; यांतील कोणतेही एक विधान दुसऱ्याला खोडू शकत नाही. सोडून दिलेल्या माशाकडे तो दान म्हणून पाहील तर स्वतःची फसवणूक करील, कारण जे मुळात माशाचेच होते तेच त्याने परत केले आहे. त्या माशाकडे ऋण म्हणून पाहणे अधिक सत्य आहे, आणि ते ऋण माशाला नव्हे, नदीलाच फेडता येते. त्याची कसोटी मासे लागण्याच्या दिवशी होत नाही. पाणी तापलेले असताना, विणीच्या हंगामात, किंवा पुरेसे मासे लागून गेल्यावर तो काठी बाजूला ठेवतो काय, आणि काठी ठेवल्यानंतरही नदीकाठी थांबतो काय, यात ती आहे. अवधूताने मासा गुरू केला तो मासा न धरता, केवळ पाहून. दोरीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही तो धडा घेता येईल. त्यासाठी गळ पाण्याबाहेर काढून काही वेळ नुसते पाहत राहण्याची तयारी मात्र हवी.