आरक्षणाचा आधार : जन्म, धर्म की सरहद्द?

आरक्षणाचे समर्थन साधारणपणे दोन तत्त्वांवर केले जाते. पहिले भरपाईचे. ज्यांना पिढ्यानपिढ्या शाळा, पाणवठा, जमीन आणि देऊळ नाकारले गेले, त्यांच्या वारसांचे समाजावर देणे आहे आणि ते फेडले पाहिजे, असे हे तत्त्व सांगते. दुसरे प्रतिनिधित्वाचे. कारभार ठरावीक जातींच्याच हातात राहिला तर बाकीच्यांचे नागरिकत्व नावापुरते उरते, म्हणून त्यांना कारभारात वाटा हवा. 30 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी दुसऱ्या तत्त्वावर भर दिला. राखीव जागा मात्र एकूण जागांत अल्पसंख्यच असाव्यात, नाहीतर संधीच्या समानतेचे तत्त्व मोडून पडेल, असेही त्यांनी बजावले. सर्वोच्च न्यायालयाने 1992 साली इंद्रा साहनी खटल्यात 50 टक्क्यांची मर्यादा घातली, तिच्यामागेही हाच विचार होता.

दोन्ही तत्त्वांना एक गोष्ट गृहीत धरावी लागते : मागास कोण, हे आधीच ठरलेले आहे. नांदेड जिल्ह्यातील हदगाव तालुक्यात हे गृहीतच डळमळते. हा तालुका सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत तो हैदराबाद राज्यात राहिला, पुढे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात आहे. माणसे आपल्या गावीच राहिली, याद्या मात्र बदलत गेल्या.

तालुक्याच्या उत्तरेला पैनगंगा वाहते. पलीकडे उमरखेड, म्हणजे विदर्भ. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभारात असल्याने तिकडची दप्तरे वेगळी आणि अलीकडची निजामाची वेगळी. नदीच्या दोन्ही तीरांवर कापूस आणि सोयाबीन पिकवणारी, एकमेकांत सोयरिकी करणारी घराणी आहेत; पण पलीकडचा शेतकरी कागदावर कुणबी म्हणून इतर मागासवर्गात आणि अलीकडचा मराठा म्हणून खुल्या गटात, असे अनेक ठिकाणी झाले. 2023 साली मनोज जरांगे पाटील यांच्या अंतरवाली सराटीतील मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणानंतर निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि 2 सप्टेंबर 2025 रोजी शासनाने कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य करणारा निर्णय काढला. शेती तोट्यात गेलेल्या कुटुंबांची व्यथा खरी आहे. पण पणजोबाच्या नावापुढे निजामाच्या कारकुनाने काय लिहिले, यावरून आजच्या मुलाचे मागासलेपण ठरत असेल, तर तो निकष न्यायाचा म्हणता येत नाही.

बंजारा समाजाची स्थिती याहून बोलकी आहे. आदिलाबाद, बिदर आणि नांदेड हे तिन्ही जिल्हे 1956 पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते आणि त्यांतल्या तांड्यांवर एकच बोली, एकच सण, एकच सेवालाल महाराज. आज हाच समाज तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती (अ) या गटात मोडतो. तेलंगणातील लंबाडांना, म्हणजे बंजारांना, जमातीचा दर्जा देणारा 1976 चा दुरुस्ती कायदा महाराष्ट्रालाही लागू होता. इथल्या यादीत मात्र बंजारा आले नाहीत. देगलूरच्या तांड्यावरची मुलगी सासरी बिदरला गेली किंवा निजामाबादला, तिची भाषा, तिचे काम, तिचे दारिद्र्य तेच राहते. वेगळा ठरतो तो तिथल्या जातभाईंचा प्रवर्ग.

त्याच कायद्याने महाराष्ट्रातील जमातींवरचे क्षेत्रबंधन, म्हणजे ठरावीक भागातच जमात मानण्याची अट, उठवले. कोळी महादेव ही जमात हैदराबाद राज्याच्या 1950 च्या यादीत नव्हती. क्षेत्रबंधन गेल्यावर मराठवाड्यातील कोळी समाजातून तिचे दावे वाढले. जातवैधतेसाठी जाणाऱ्या मुलाच्या फायलीत आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, खासरा पत्रकाची नक्कल, चुलत्याचे प्रमाणपत्र, वंशावळीचे शपथपत्र असे कागद असतात. उतारा उर्दूत असला तर भाषांतर जोडायचे. अनुसूचित जमातीच्या पुराव्यासाठी 6 सप्टेंबर 1950 ही तारीख पाहिली जाते, आणि ज्या घरात त्या वर्षी कोणी शाळेतच गेले नव्हते त्याच्यापाशी कागद निघत नाही. जो सर्वांत वंचित, त्याच्याकडेच पुरावा सर्वांत कमी. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. किनवट, माहूर, हदगावच्या गोंड, कोलाम, आंध कुटुंबांच्या वाट्याच्या जागा खोट्या दाखल्यांवर गेल्या. 2017 साली जगदीश बहिरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अवैध दाखल्यावरच्या नोकरीला संरक्षण नाकारले, तेव्हा राज्य शासनाने डिसेंबर 2019 मध्ये अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर वर्ग केले.

धर्माचा प्रश्न याहून खोल आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख, 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. 14 ऑक्टोबर 1956 च्या डॉ. आंबेडकरांच्या धर्मांतरानंतर मराठवाड्यातील ज्यांनी कागदावरही स्वतःला बौद्ध लिहिले, त्यांना केंद्राच्या सवलती 34 वर्षे मिळाल्या नाहीत. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांना तो दर्जा आजही नाही. अनुसूचित जमातीला मात्र धर्माची अट कधीच नव्हती. म्हणजे धर्म बदलल्याने जात सुटते का, या प्रश्नाला राज्याने एकाच वेळी दोन उत्तरे दिली आहेत. 1985 च्या सूसाई खटल्यात न्यायालयाने धर्मांतरानंतरही तितकेच हाल सोसावे लागतात, याचा पुरावा मागितला. हा निकष योग्य आहे. पण तो सर्व धर्मांना सारखा लावला पाहिजे. धर्मांतर हा माणसाच्या आत्मसन्मानाचा निर्णय आहे, आणि त्या निर्णयाची किंमत सवलतीत मोजायला लावणे श्रद्धेच्या स्वातंत्र्याशी विसंगत आहे.

मग आरक्षणाचे लाभ कोणते? नांदेडच्या ग्रामीण भागात शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, एसटीचा वाहक या जागांवर दलित, आदिवासी, भटक्या समाजाची माणसे दिसतात, ती प्रामुख्याने आरक्षणामुळे. 1978 साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर याच जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली होती. अशा गावांत दलित माणूस सरकारी खुर्चीवर बसतो, याचे मोल पगारात मोजता येत नाही. ग्रामपंचायतीत महिलांना 50 टक्के जागा 2011 पासून आहेत. कारभार काही ठिकाणी पतीच पाहतो, हे खरे; पण दुसऱ्यांदा निवडून आलेली सरपंच बहुधा स्वतः बोलते. गुणवत्ता घसरते या आक्षेपाची तपासणी अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेच्या आकडेवारीवरून केली. आरक्षणामुळे उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

खरी उणीव वाटपात आहे. प्रवर्गातील पुढारलेली कुटुंबे पिढ्यानपिढ्या जागा घेतात आणि तांड्यावरची कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी मुले बारावीच गाठत नाहीत. अनुसूचित जातींमध्ये मातंग समाज हेच सांगत आला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 ऑगस्ट 2024 च्या निकालाने उपवर्गीकरणाला मुभा मिळाली. त्यात सरकारी नोकऱ्याच आटल्या, म्हणून प्रत्येक समाज दुसऱ्याच्या ताटाकडे संशयाने पाहू लागला. मराठा-ओबीसी तणावाचे मूळ इथे आहे.

आरक्षण ठेवावेच लागेल. ज्या समाजांना दारे बंद होती, त्यांच्यासाठी ती अजून पुरती उघडलेली नाहीत. पण त्याचा आधार जुन्या कारकुनाची नोंद, राज्याची सीमा किंवा पूजेचे ठिकाण हा असू नये. केंद्राने एप्रिल 2025 मध्ये आगामी जनगणनेत जात मोजण्याचे ठरवले आहे. त्या मोजणीत जातीशेजारी जमीन, शिक्षण, स्थलांतर आणि धर्मही नोंदला जावा, आणि दर दहा वर्षांनी याद्या त्या आकड्यांवर तपासल्या जाव्यात.