सेवा कोणती आणि मोह कोणता?

आपल्या वारकरी पंथात सेवेला मोठा मान आहे. दिंडीत थकलेल्याचे पाय चेपणे, तहानलेल्याला पाणी देणे, ही सेवा होय, यात वाद नाही. परंतु घरातले माणूस अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, तर त्याची सेवा म्हणजे नेमके काय? प्रश्न सोपा दिसतो, पण आहे अवघड.

आमचे भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. समजा, मागावर काम करता करता एखाद्या गृहस्थाचे उजवे अंग लुळे पडले, तोंड वाकडे झाले, बोली बंद झाली. अशा वेळी अंगारेधुपारे करीत न बसता तडक मोठ्या इस्पितळात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात. असो. प्राण वाचला, गृहस्थ घरी आले. आता बायको भरवते, सून पेला तोंडाला लावते, मुलगा सदरा चढवतो. कोणी म्हणतो, "अहो, भोग आहेत ते, पडू द्या आता स्वस्थ." हेतू शुद्ध आहे. पण परिणाम काय होतो, ते पाहू.

मेंदूची वरची सुरकुतलेली साल दोन ते चार मिलिमीटर जाडीची असते. हात, पाय, जीभ यांना तीत आपापली जागा असते. पण हा सातबारा कायमचा नव्हे. जो अवयव कसतो त्याची जागा वाढते, जो पडीक राहतो त्याची शेजारी बळकावतो. 1996 साली अमेरिकेतील नूडो या संशोधकाने माकडांवरील प्रयोगात दाखवले की, हाताच्या जागेतला थोडा भाग निकामी झाला आणि हाताला सराव दिला नाही, तर शेजारचा धडधाकट भागही हाताचे काम सोडतो. सराव दिला, तर तो भाग राखला जातो. टॉब या दुसऱ्या संशोधकाने तर रोग्याचा चांगला हातच दिवसाचा बराच वेळ बांधून ठेवायला लावला, आणि दुबळ्या हाताकडून कामे करवून घेतली. कित्येकांचे हात त्यामुळे पुन्हा उपयोगी पडू लागले.

गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मनावर भगवंतांनी अभ्यास आणि वैराग्य हा उपाय सांगितला आहे. आम्हांला वाटते, या घरात दोन्ही लागतात. अभ्यास रोग्याने करायचा, वैराग्य घरच्यांनी धरायचे. घास सांडतो, हात थरथरतो, हे बघवत नाही म्हणून आपण पुढे होऊन भरवतो. दुःख कोणाचे हलके झाले? आपले! त्याला मोह म्हणावे. सांडू द्या चार शिते, पण घास त्याच्या हाताने तोंडाशी जाऊ द्या. न वापरण्याचाही अभ्यास होतोच, आणि तो फार लवकर होतो.

वाणीचेही तसेच. डाव्या मेंदूला इजा झाली की वाचा जाते, हे फ्रान्समधील ब्रोका यांनी 1861 नंतरच्या वर्षांत दाखवले. तरी बोलता न येणाऱ्या काही रोग्यांना ओळखीचे गाणे शब्दांसह म्हणता येते. त्यावरून 1973 च्या सुमारास बॉस्टनच्या वैद्यांनी सुरांतून बोलणे शिकवण्याची रीत काढली. तेव्हा संध्याकाळी हरिपाठाला अशा माणसाला मध्ये बसवा, हाती टाळ द्या. शब्द फुटला तर आनंद. न फुटला तरी तो मेळ्यात आहे.

कोणी विचारील, मग सर्वांनाच असे राबवायचे काय? नाही हो. किती सराव, केव्हा, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. घास घशात अडकत असेल तर हट्ट करू नये. शिवाय 1906 साली आल्झायमर यांनी वर्णिलेल्या स्मृतिभ्रंशासारख्या रोगात मेंदूची सालच झिजत जाते. तिथे "आठवा, आठवा" म्हणून छळणे ही सेवा नव्हे. सासऱ्याने सुनेला ओळखले नाही, अपशब्द बोलला, तर तो रोग बोलतो, माणूस नव्हे. तिथे भरवावे, पुसावे, सोसावे.

एके ठिकाणी हात आखडता घेणे ही सेवा, दुसऱ्या ठिकाणी हात पुढे करणे ही सेवा. कृती उलट, कसोटी एकच: हे मी त्याच्यासाठी करतो, की माझ्या जिवाला बरे वाटावे म्हणून? ज्याने त्याने आपल्या घरी हे विचारावे.

रामकृष्णहरि.