दैवाचा नंबर पाचवा

गाळात रुतलेली जीप बाहेर काढताना विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र, बंपरसकट उखडली, की भोवती जमलेल्यांतून एक वाक्य हमखास येतं: नशिबात होतं. माणसाच्या करणीत दैवाचा वाटा किती, हा वाद जुनाच आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, नाना क्रिया आणि पाचवं दैव. या यादीचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. दैव आहे, पण शेवटी आहे. आधीच्या चारांचा हिशेब न देता थेट पाचव्याकडे बोट दाखवायची सोय त्यात नाही, आणि विंच बसवण्याचं काम हे फार स्पष्ट दाखवतं.

आधी अधिष्ठान. साडेनऊ हजार पौंडांची विंच म्हणजे सुमारे 4,300 किलोंची ओढ. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट क्षमता असावी हा रूढ आडाखा, त्यामुळे थार किंवा जिम्नीला ती पुरून उरते. पण ही ओढ धरणार कोण? कंपनीचा बंपर नव्हे. तो प्लास्टिकचा नाहीतर पातळ पत्र्याचा. ओढ विंचच्या पायांतून जाड पोलादी प्लेटमध्ये आणि तिथून चेसिसच्या दोन्ही दांड्यांत उतरायला हवी. या आकाराच्या बहुतेक विंच चार बोल्टांवर बसतात, दहा बाय साडेचार इंचांच्या चौकटीत. करंगळीएवढे चार बोल्ट चार टन पेलतात ते केवळ स्वतःच्या ताकदीवर नाही. नट नीट आवळला की पाय आणि प्लेट एकमेकांवर इतके दाबले जातात की बराचसा भार त्यांच्यातलं घर्षणच घेतं. मध्ये रंगाचा जाड थर राहिला तर तो हळूहळू चिरडतो, नटाची पकड ढिली पडते आणि मग प्रत्येक हिसका थेट बोल्टच्या अंगावर येतो. बोल्ट तुटल्याचा आवाज ऐकू येतो त्याच्या कितीतरी आधी तुटण्याला सुरुवात झालेली असते, आणि ती गॅरेजमध्येच, कोणीतरी रंग न खरवडता पाना फिरवला तेव्हा.

साधन आणि क्रिया यांचंही तेच. विंचवर छापलेली क्षमता ड्रमवरच्या दोराच्या सर्वांत आतल्या थराची असते. वर जितके थर, तितकी ओढ कमी. कप्पी लावली तर ओढ जवळपास दुप्पट होते, पण ज्या झाडाला ती बांधली त्याच्यावरचा ताणही तितकाच वाढतो. हे सगळं विंचबरोबरच्या पुस्तिकेत असतं, आणि ती पुस्तिका बहुधा खोक्याबरोबर रद्दीत जाते. त्याला दैव म्हणता येत नाही.

यावर जाणकार म्हणतील की गीतेतला तो भाग कर्तेपणाचा अहंकार सुटावा म्हणून आहे, फिटरला सावध करण्यासाठी नाही. शिवाय शंकराचार्यांनी अधिष्ठान म्हणजे शरीर आणि दैव म्हणजे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या आदित्यादी देवता असा अर्थ लावला आहे. आक्षेप रास्त आहे. पण तो अर्थ घेतला तर दैव हे अपयशाचं निमित्त उरतच नाही, आणि माझा मुद्दा उलट बळकट होतो. अहंकाराचं म्हणाल, तर ‘मी गाडी ओढून काढली’ म्हणणारा चेसिसला विसरतो तसाच ‘नशीब फुटकं’ म्हणणाराही. दोघांनाही पाचांपैकी एकच कारण दिसतं.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा. कारणं पाच असतील तर जबाबदारीही पाचांत वाटली जाऊन कोणाचीच उरणार नाही. मला तसं वाटत नाही. वेल्डिंगवाला, बोल्ट विकणारा, चालक यांच्यात ती वाटली जाते, पण म्हणून कोणाच्याही वाट्याची कमी होत नाही. निकृष्ट बोल्ट विकणारा चालकाच्या घाईमागे लपू शकत नाही. समोरून चालत येणाराही या हिशेबात आहे. पुढे आलेला पोलादी गार्ड पादचाऱ्याला घातक म्हणूनच केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये बुलबारवर कारवाई करायला राज्यांना कळवलं, तेही मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 कडे बोट दाखवून. तेव्हा बंपर बदलण्याआधी तो नियम वाचा, आणि पहिल्या मोठ्या ओढीनंतर चारही नट पुन्हा आवळून पाहा.