कागदाचा ताईत



आज एका लहान दिसणाऱ्या विषयावर आपल्याशी बोलायचे आहे. जुनी मोटारगाडी घेताना तिच्याबरोबर गळ्यात मारली जाणारी 'एक्स्टेंडेड वॉरंटी' हा तो विषय. धम्माच्या पाक्षिकात मोटारीच्या सौद्याची चर्चा कशाला, असे काहींना वाटेल. पण गृहस्थाने पैसा कसा मिळवावा, कसा राखावा आणि कसा खर्चावा हे ज्या तथागतांनी सांगितले, त्यांचा धम्म विहाराच्या दारात चपलांजवळ ठेवून बाजारात जायचे असते काय?

मी ऊर्जानगरचा. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात १९८३ पासून वीज तयार होते आहे. माझ्या वडिलांनी तिथे कंत्राटदाराच्या हाताखाली कोळशाची धूळ खात आयुष्य काढले. त्यांच्या कष्टावर मी शिकलो, शिक्षक झालो. गेल्या वर्षी आईच्या दवाखान्याच्या फेऱ्या वाढल्या, तेव्हा जुनी का होईना, एक गाडी घ्यावी असे आम्ही ठरविले. ३,२५,००० रुपयांत नागपूरच्या एका विक्रेत्याकडे गाडी ठरली. १०,००० रुपये विसार दिला. सौदा झाला असे मी समजलो. खरा सौदा त्यानंतर सुरू झाला.

मला आतल्या खोलीत बसविले. चहा आला. समोर एक तरुण बसला. माझे नाव वाचताच तो हसून म्हणाला, "जय भीम, सर! आपलाच माणूस आहे मी." मला बरे वाटले. मग त्याने एक कागद पुढे सरकविला. "सर, जुनी गाडी आहे. उद्या इंजिन बसलं तर लाखभर रुपये जातील. आम्ही जबाबदार राहणार नाही." मी विचार करतो म्हणालो. "विचार काय करायचा सर? आज घेतली तर १८,५००. उद्या हीच वॉरंटी २४,००० ला." मी गप्प. तेव्हा त्याने शेवटचा बाण सोडला, "तुमच्यासारखे शिकलेले, पगारदार लोक सगळेच घेतात. ज्यांना परवडत नाही तेच नाही म्हणतात, सर." आणि जाता जाता हळूच, "वॉरंटीशिवाय फाईल अडते हो. नावाची बदली लांबते."

बंधूंनो, मी सही केली. त्या १८,५०० रुपयांत बहिणीच्या नर्सिंगच्या फीचा हप्ता होता.

गाडी घरी आली. शेजारचे एक गृहस्थ प्रेमाने लिंबू-मिरची घेऊन आले. मी त्यांना नम्रपणे नकार दिला, आम्ही बौद्ध आहोत, हे मानत नाही, असे सांगितले आणि बावीस प्रतिज्ञांवर छोटेसे व्याख्यानही दिले. मला स्वतःचा अभिमान वाटत होता. रात्री वडिलांनी फाईल उघडली. ते चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी त्या कागदावरून बोट फिरविले आणि विचारले, "पोरा, हा कागद वाचला का तू?"

मी वाचला नव्हता.

माझ्या आजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठविला होता, कारण त्यांना वाचता येत नव्हते, वाचू दिलेही नव्हते. माझ्याजवळ विद्यापीठाची पदवी आहे, मी मुलांना वाचायला शिकवितो. आणि मीही अंगठाच उठविला. फरक एवढाच की माझा अंगठा इंग्रजी सहीसारखा दिसत होता.

चौथ्या महिन्यात क्लच गेला. ९,२०० रुपये खर्च सांगितला. मी वॉरंटीचा कागद काढला. तेव्हा कळले की क्लच, ब्रेक, बॅटरी, टायर असे झिजणारे भाग तिच्यात येतच नाहीत. येतात ते इंजिन आणि गिअरबॉक्सचे काही भाग. तेही केव्हा? दर सहा महिन्यांनी त्यांनी नेमलेल्या नागपूरच्या गॅरेजमध्येच सर्व्हिसिंग केले असेल तेव्हा. ऊर्जानगरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. बंद पडलेली गाडी तिथवर ओढून नेण्याचा खर्च माझा. हे सारे त्या कागदावर छापलेले होते. चार महिने तो माझ्याच कपाटात होता.

आता सांगा, शेजाऱ्याची लिंबू-मिरची आणि माझा तो कागद, यांत काय फरक होता? तो भीतीपोटी बांधत होता, मीही भीतीपोटीच घेतला होता. आत काय आहे हे त्याने तपासले नव्हते, मीही तपासले नव्हते. उलट त्याचा ताईत दहा रुपयांचा, माझा साडेअठरा हजारांचा! भ्यालेली माणसे डोंगर, वने, झाडे आणि देवस्थाने यांना शरण जातात, पण ते शरणस्थान त्यांना दुःखातून सोडवीत नाही, असा उपदेश धम्मपदात आहे. आजच्या बाजारातही तीच भीती नव्या कपड्यांत उभी आहे. आपण जुने देव पाण्यात सोडले, पण भीती सोडली काय, हा प्रश्न प्रत्येक नवदीक्षित कुटुंबाने स्वतःला विचारला पाहिजे.

माझ्याबाबतीत भीतीपेक्षाही एक वाईट गोष्ट होती. 'ज्यांना परवडत नाही तेच नाही म्हणतात' या वाक्याने मला जिंकले. का? कारण पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला दारिद्र्यावरून हिणविले गेले. आपण आता तसे नाही, हे दाखविण्याची घाई आपल्या रक्तात आहे. विकणारा ती जखम ओळखतो आणि तिथेच बोट ठेवतो. स्वाभिमान म्हणजे न परवडणाऱ्या गोष्टीला 'हो' म्हणणे नव्हे. चारचौघांत ताठ मानेने 'नको' म्हणता येणे, हाच बाबासाहेबांनी दिलेला स्वाभिमान होय.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना काय सांगितले? परंपरेने आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. आणि बोलणारा भारदस्त दिसतो किंवा तो आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका. स्वतः पारखून घ्या, हितकारक असेल तर स्वीकारा. आपण हा उपदेश भटा-पुरोहितांना लावतो. तो काचेच्या केबिनमधल्या टायवाल्यालाही लावायचा असतो. आणि 'जय भीम' म्हणून जवळ येणाऱ्यालाही लावायचा असतो!

मज्झिम निकायातील महाचत्तारीसक सुत्तात मिथ्या आजीविकेचे प्रकार सांगितले आहेत: ढोंग करणे, गोड बोलून गळी उतरविणे, आडून सुचविणे, दुसऱ्याला कमी लेखून काढून घेणे आणि एका लाभाच्या आमिषाने दुसरा लाभ ओढणे. ही यादी मी वाचली तेव्हा ती आतली खोली माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. एकही प्रकार तिथे सुटला नव्हता.

म्हणून त्या तरुणाचा द्वेष करायचा काय? नाही. त्याच्या मालकाने त्याला महिन्याचे टार्गेट दिलेले असणार. ते पुरे झाले नाही तर त्याची नोकरी जाईल. तो माझ्या विद्यार्थ्यांसारखाच एक मुलगा आहे. पण माझ्या तरुण बांधवांनो, तुमच्यापैकी अनेकजण आज अशा विक्रीच्या नोकऱ्यांत आहात. त्यात कमीपणा नाही. माल विका, भीती विकू नका. गिऱ्हाइकाला काय मिळेल ते सांगाल तेव्हा काय मिळणार नाही तेही सांगा. आणि 'जय भीम' हे सौदा पटविण्याचे हत्यार करू नका. तो शब्द आपल्याला फार मोठ्या किमतीत मिळालेला आहे.

वॉरंटी ही वस्तूच वाईट, असे माझे म्हणणे नाही. वाचून, हिशेब करून, आपल्या गावाजवळ गॅरेज आहे हे पाहून कोणी घेतली, तर तो व्यवहार झाला. न वाचता घेतली तर तो ताईत झाला.

कायदाही समजून घ्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे; वॉरंटी सक्तीची नाही. विमा वेगळा, वॉरंटी वेगळी. नाव बदलीसाठी आर.टी.ओ. मध्ये फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात, त्यांत वॉरंटीचा रकाना नाही. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे अशी अट घालणे, हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या विरुद्ध आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. ज्या महामानवाने संविधान घडविले, त्याच्या लेकरांना कायद्याच्या दारात जायची लाज कसली?

मग बिघाड झालाच तर काय करावे? त्याचे उत्तर तथागतांनी राजगृहाच्या सिगालाला दिले आहे. मिळकतीचे चार भाग करावे. एक भाग उपभोगावा, दोन भाग उद्योगात लावावे आणि चौथा भाग आपत्तीसाठी राखून ठेवावा. हा चौथा भाग हीच गृहस्थाची खरी वॉरंटी. आता आम्ही पोस्टात दरमहा १,००० रुपयांचे आवर्ती खाते चालवितो. दीड वर्षात माझ्या त्या कागदाएवढी रक्कम जमते. तिच्यात क्लचही येतो, टायरही येतो, आईचे औषधही येते. आणि काहीच बिघडले नाही तर पैसे आपलेच राहतात.

तेव्हा गाडी, फ्रीज, मोबाईल, काहीही घ्यायला जाल तेव्हा एवढे पाळा. एकटे जाऊ नका. घरातले वडीलधारे किंवा एखादा कल्याणमित्र बरोबर न्या. गाडी आपल्या ओळखीच्या मेस्त्रीला दाखवा. कागद घरी आणा, रात्री सर्वांसमोर मोठ्याने वाचा. इंग्रजी कळत नसेल तर शेजारच्या शिकणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. 'आजच घ्या' म्हणणाऱ्याला 'उद्या येतो' म्हणा. खरी गोष्ट उद्याही खरीच असते.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी चंद्रपुरात लोकांना धम्मदीक्षा दिली. त्या मैदानावर उभ्या असलेल्या कितीतरी माणसांना अक्षर येत नव्हते. तरीही देवाच्या कोपाच्या धमकीला त्यांनी तोंडावर 'नाही' म्हटले. आपण त्यांची शिकलेली लेकरे. दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला आपण दीक्षाभूमीवर वंदनेला जातो. पुढच्या वेळी जाल तेव्हा घरातल्या कपाटात न वाचलेला, भीतीने सही केलेला एखादा कागद पडला आहे काय, हे आधी पाहून या.

माझ्या बहिणीची फी वडिलांनी उसनवारी करून भरली. ती उसनवारी फिटली. 'कागद वाचला का तू?' हा त्यांचा प्रश्न मात्र मी वर्गातल्या मुलांना रोज विचारतो. आज तोच तुम्हाला विचारून मी आपली रजा घेतो.

सर्वांचे मंगल होवो! जय भीम!