आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

बसा. टाळ्या पुरे.

अग्निशमन सप्ताहाची प्रभातफेरी झाली, घसे बसेपर्यंत घोषणा दिल्यात, चित्रांना बक्षिसंही मिळाली. आता सांगा, घरातल्या सिलिंडरच्या कड्याखाली उभ्या पट्ट्या असतात, त्यांतल्या एकीवर आतून काय लिहिलेलं असतं? एकही हात वर नाही! इंग्रजी अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, पुढे सी आणि डी. त्या मुदतीला टाकीची पुन्हा चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी दारातूनच परत पाठवायची.

हसतोस काय रे? निबंधात ‘आग लागल्यास पाणी ओतावे’ असं तूच लिहिलंस ना? तळणीची कढई पेटली आणि तू पाणी ओतलंस, तर ते तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होईल आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवेल. गॅस बंद करायचा, वर झाकण सरकवायचं, कढई उचलायची नाही. इतक्या चित्रांत झाकण एकानेही काढलं नाही. सगळ्यांचे बंबच! आणि त्या बंबांना बक्षिसं देणाऱ्यांत मी होतो, ती चूक माझी.

गॅसचा वास आला की तुमच्याकडे आधी पंखा लावतात. लावायचा नाही! बटण दाबताना ठिणगी पडते. हा गॅस हवेहून जड, जमिनीलगत साचतो. बटणं आहेत तशी राहू द्यायची, रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर जाऊन १९०६ हा गॅसगळतीसाठीचा मदत क्रमांक फिरवायचा.

आणि हा सप्ताह १४ एप्रिललाच का सुरू होतो? बाबासाहेबांची जयंती सगळ्यांना ठाऊक आहे, असायलाच हवी. पण १९४४ साली त्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोट पेटली आणि स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. बोटीत कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. कसला वेडेपणा, असं वाटतं ना? मग सिलिंडरला टेकवून रद्दीचे गठ्ठे कोण ठेवतं? शेगडीवर लोंबणारा नायलॉनचा पडदा कुणाच्या घरातला? माना खाली घालू नका, घरी जाऊन तो पडदा खाली काढा.

शेगडीची नळीही पाहा. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. चिकटपट्टी गुंडाळलेली नळी दिसली तर आईबाबांना सांगा, की सरांनी विचारलंय. रागावले तर मला शाळेत येऊन भेटू दे त्यांना.

उद्या पहिल्या तासाला वह्या तपासणार. टाकीवरचं अक्षर, वर्ष आणि नळी कधी घेतली ते लिहून आणा. चित्र नको.