वारसाच्या वाट्याचे काय?

देहूच्या इनामदार वाड्यातला मुक्काम झाला, की तुकोबारायांची पालखी दुसऱ्या दिवशी येते ती आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात. पिंपरीच्या शेजारचे हेच आकुर्डी बजाज ऑटोमुळे देशभर ठाऊक झाले. त्या वाटेने चालताना एका माळकऱ्याने आम्हांस विचारले, “महाराज, बापजाद्यांचा धंदा हाती आला, त्यात त्या पोराचं कर्तृत्व ते काय? आयत्या पिठावर रेघोट्या!”

प्रश्न झणझणीत खरा. पण वारसा हातात येणे निराळे आणि पेलणे निराळे.

राहुल बजाज यांचा जन्म 1938 चा. 1968 मध्ये, तिशीत, बजाज ऑटोची सूत्रे त्यांच्याकडे आली. मुंबईच्या बंगल्यात न राहता कित्येक वर्षे ते आकुर्डीला कारखान्याच्या वसाहतीतच राहिले. 1972 मध्ये चेतक स्कूटर आली. नंबर लागायला लोक वर्षानुवर्षे थांबत. आता, परवान्यांच्या राज्यात स्पर्धा नव्हती, हेही सांगितले पाहिजे. त्या सुबत्तेचे सारे श्रेय वारसाच्या पदरात टाकणे बरे नव्हे.

त्यांचे आजोबा जमनालालजी. गरीब घरातून वर्ध्याच्या बच्छराज शेठजींच्या घरी दत्तक आलेले. सतराव्या वर्षी शेठजी टाकून बोलले, तशी या पोराने संपत्तीवरचा हक्क सोडल्याचे पत्र लिहून घर सोडले! समजूत घालून त्यांना परत आणावे लागले. पुढे तीच संपत्ती त्यांच्याकडे आली, आणि गांधीजींच्या सहवासात ती त्यांनी मालक म्हणून नव्हे, विश्वस्त म्हणून वापरायचा प्रयत्न केला.

आपले तुकोबा तरी कोण? वारसच की! थोरले बंधू सावजी विरक्त, म्हणून दुकान आणि सावकारी यांच्या अंगावर पडली. पुढे खते-पत्रे इंद्रायणीत बुडवली, हे आपण सांगतो. पण अर्धी कागदे धाकट्या कान्होबांना देऊन केवळ आपला वाटा बुडवला, हे सांगायचे राहून जाते. दुसऱ्याच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही, हे आम्हांस बुडवण्याहून थोर वाटते.

कारखान्याच्या वारसाची पंचाईत इथेच आहे, वाचकहो. त्याच्या कागदांत आपला वाटा कोणता नि दुसऱ्याचा कोणता, हे नीट वेगळे निघत नाही. 2005 मध्ये राहुलजींनी कारभार मुलाकडे, राजीव यांच्याकडे सोपवला. 2007 मध्ये आकुर्डीतले उत्पादन थांबले, कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्ती आली. 2009 मध्ये मुलाने स्कूटरच बंद केली. बापाला ते रुचले नाही. त्यांनी ते उघड बोलून दाखवले, पण निर्णय फिरवला नाही. हाताने वाढवलेले सोडून देणे त्यांना साधले, म्हणू या.

पण जन्मभर स्कूटर जोडणाऱ्या कामगाराचे काय? त्याने काय मागे ठेवावे? शेठजींचा मुलगा शेठजी होतो. जोडारी कामगाराच्या मुलाला बापाची जागा वारशाने मिळत नाही. धंदा बुडू नये म्हणून वारसाने कठोर व्हावे, हे आम्हांस पटते. पण तोटा सोसणाऱ्याला आधी विचारले होते का, हे मात्र आम्ही विचारत राहू.

12 फेब्रुवारी 2022 ला राहुलजी गेले. त्याच वर्षी आकुर्डीत विजेवर चालणाऱ्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. त्या माळकऱ्याला आम्ही एवढे सांगितले, तो म्हणाला, “मग कान्होबांच्या वाट्याची कागदं कुणापाशी आहेत, ते बघा.” पुढे दिंडी चालू लागली.