आजोबांचा विजय आणि नातवाचा खेळ



फुटबॉलचा विश्वचषक दर चार वर्षांनी येतो. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसे, पण त्या महिन्यात आपली मुलेसुद्धा रात्री जागून सामने पाहतात. ब्राझीलने पाच वेळा चषक जिंकला आहे, मग या वेळीही जिंकायलाच हवा, असा त्यांचा हिशोब असतो. ब्राझील हरला की जणू त्याने दिलेला शब्द मोडला, असे त्यांना वाटते.

यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. आधीच्या पिढीने जिंकले म्हणून पुढच्या पिढीने जिंकलेच पाहिजे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आपल्याच देशाचे उदाहरण घेऊ. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. अंतिम सामन्यात इराणला १-० ने हरवून भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक मिळवले. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. मूळचा गोव्याचा आणि मुंबईत खेळणारा नेव्हिल डिसोझा याने त्या सामन्यात तीन गोल केले. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. १९६२ साली जकार्ता येथे पुन्हा आशियाई सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर ते आजवर मिळालेले नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यात मडगावला आपला संघ सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकात खेळण्याची संधीही गेली. “एकेकाळी आम्ही आशियाचे विजेते होतो आणि आता ही अवस्था!” असे उद्गार अशा वेळी हमखास निघतात.

हे दुःख खरे आहे. पण आठवण काढायची तर पूर्ण काढावी. १९५१ साली फुटबॉलमध्ये सहाच संघ होते. मेलबर्नला पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतली, म्हणून भारत थेट उपांत्यपूर्व फेरीत गेला. १९६२ साली ज्या दक्षिण कोरियाला आपण अंतिम सामन्यात २-१ ने हरवले, त्याच कोरियाकडून पहिल्या सामन्यात ०-२ असे हरलो होतो. जर्नेलसिंग हा बचावपटू. त्याच्या डोक्याला टाके पडले होते, तरी प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला आघाडीला खेळवले आणि त्याने अंतिम सामन्यात गोल केला. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, रहीमसाहेब कर्करोगाने वारले. म्हणजे तो विजयसुद्धा कोणी ताटात वाढून दिला नव्हता. आठवणीत मात्र टाके पुसले जातात आणि फक्त पदक चमकत राहते.

संत थॉमस अक्वायनस यांनी आशेची चार लक्षणे सांगितली आहेत. आपण ज्याची आशा धरतो ते चांगले असते, ते अजून यायचे असते, ते कठीण असते आणि तरीही ते शक्य असते. या कसोटीवर आपली अपेक्षा तपासून पाहा. “आम्ही जिंकणारच, आमचा इतिहासच तसा आहे,” असे म्हणणारा ‘कठीण’ हा शब्द गाळतो. “आता आपल्याकडून काही व्हायचे नाही, तो काळ गेला,” असे म्हणणारा ‘शक्य’ हा शब्द गाळतो. पहिला फाजील भरवसा आणि दुसरी निराशा. ख्रिस्तसभेच्या शिकवणीप्रमाणे ही दोन्ही आशेविरुद्धची पापे आहेत. जुन्या विजयाचे ओझे खांद्यावर असले की माणूस एका दिवसात पहिल्यातून दुसऱ्यात जाऊन पडतो. सामन्याआधी जयघोष आणि सामन्यानंतर शिव्या.

पवित्र शास्त्रात या दोन्हींची चित्रे आहेत. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात इस्राएल लोक पलिष्ट्यांकडून हरतात, तेव्हा ते शिलोहून कराराचा कोश रणांगणात आणतात. याच कोशामागे चालत असता यरीहोची तटबंदी कोसळली होती ना! छावणीत एवढा जल्लोष होतो की जमीन हादरते. पण त्यांचा पुन्हा पराभव होतो आणि कोशही शत्रूच्या हाती जातो. देवाने काल केलेले कृत्य आज वापरायचे हत्यार नव्हे. दुसरे चित्र एज्राच्या पुस्तकातले. बंदिवासातून परतलेले लोक मंदिराचा नवा पाया घालतात. तरुण आनंदाने जयघोष करतात, पण ज्यांनी पहिले मंदिर पाहिले होते ते वृद्ध मोठ्याने रडतात. त्यांच्या आठवणीच्या वैभवापुढे हा नवा पाया त्यांना थिटा वाटतो.

अपेक्षेची किंमत शेवटी एखादा माणूसच मोजतो. १९५० च्या विश्वचषकात ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे हरवले होते. शेवटच्या सामन्यात उरुग्वेशी बरोबरी झाली असती तरी चषक त्यांचाच होता, आणि देशाने त्यांना आधीच विजेते ठरवून टाकले होते. ब्राझील १-२ असा हरला. गोलरक्षक बार्बोझा याला लोकांनी दोषी ठरवले आणि २००० साली मरेपर्यंत तो डाग पुसला नाही. ब्राझीलमध्ये सर्वात मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे, अशा अर्थाचे तो बोलत असे. त्याचा गुन्हा काय? चेंडू जाळ्यात गेला एवढाच.

असे बार्बोझा आपल्या घरांतही असतात. थोरल्याला दहावीत नव्वद टक्के मिळाले, म्हणून धाकट्याला पंचाहत्तर मिळाले की घरात सुतक पडते. आजोबा गुरुजी होते, मग नातू असा कसा? धर्मग्रामातही आपण म्हणतो, पूर्वीची श्रद्धा कुठे आणि आजची पोरे कुठे! ती पोरे एज्राच्या काळच्या तरुणांसारखी नवा पाया घालत असतात आणि त्यांच्या कानावर आपले रडणेच पडते.

मग जुने विजय विसरायचे का? मुळीच नाही. आपण जिजाऊंच्या जिल्ह्यात राहतो. दर १२ जानेवारीला सिंदखेडराजाला लोटणारी गर्दी आपल्याला ठाऊक आहे. पूर्वजांचे स्मरण हे कृतज्ञतेचे कर्तव्यच आहे. पण आधीच्यांचा विजय ही आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे, पुढच्यांकडून वसूल करायचे कर्ज नव्हे. ठेवीचा हिशोब ज्याच्या हाती ती आली त्याला द्यावा लागतो. जपानने १९९३ साली आपली व्यावसायिक लीग सुरू केली आणि १९९८ पासून तो प्रत्येक विश्वचषकात खेळत आला. दरम्यानच्या वर्षांत आपण काय उभारले, हा प्रश्न मैदानावरच्या अकरा मुलांआधी आपल्याला, मधल्या पिढीला, विचारायचा आहे. आपल्या गावात मुलांना खेळायला मोकळी जागा किती? अभ्यासाला बसलेल्या धाकट्याजवळ आपण किती वेळ बसतो? प्रार्थना करायला आपण कोणाला शिकवले?

या आठवड्यात एक करून पाहू या. घरातल्या ज्या मुलाची आपण कोणाशी तरी तुलना करतो, त्याला एकदाही तुलना न करता विचारू या, “तुला काय कठीण जाते?” आणि त्यात त्याला हात देऊ या. आशा तिथूनच सुरू होते. प्रभू आपल्या मुलांना त्यांचा स्वतःचा खेळ खेळण्याचे धैर्य देवो, आणि त्यांच्या पाठीशी उभे राहण्याची कृपा आपल्याला देवो.

आपला,
धर्मगुरू